सिक्स बाय सिक्सचा निवाडा

आमच्या नेत्रपरीक्षेच्या व्यवसायात अलीकडे एक मत इतके सर्वमान्य होऊन बसले आहे, की ते उच्चारणाऱ्याला त्याचे समर्थन करण्याची गरज वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला त्याविषयी शंका घेण्याचे धाडस होत नाही. ते मत असे: डोळ्यांतील जे बारीक प्रकाशीय दोष चष्म्याच्या साध्या नंबराने भरून निघत नाहीत, ज्यांच्यामुळे दिव्याला एका बाजूने शेपूट फुटते, अक्षराच्या मागे त्याच अक्षराची फिकट छाया उभी राहते, चंद्राच्या एका कोरीच्या तीन कोरी दिसतात, त्या दोषांची परीक्षा हे केवळ लाखो रुपये किमतीच्या यंत्राचे काम आहे; ज्याच्यापाशी ते यंत्र नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये; तक्त्यावरची तळची ओळ वाचून झाली आणि कागदावर ‘सिक्स बाय सिक्स’ असा शेरा पडला, की डोळे निर्दोष समजून प्रकरण दप्तरी दाखल करावे; आणि इतके होऊनही रुग्ण तक्रार करीतच राहिला, तर ती तक्रार डोळ्यांची नसून मनाची आहे असे धरून चालावे. तालुक्याच्या गावी लोकांचे नंबर काढण्यात ज्याची पस्तीस वर्षे गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला हे मत नुसते चुकीचे वाटत नाही. ते अन्यायाचे वाटते, आणि त्या अन्यायाची झळ ज्यांना सर्वांत अधिक लागते ते लोक लेख लिहीत नाहीत, म्हणून हा प्रतिवाद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

विरुद्ध पक्षाची बाजू दुबळी करून मांडावी आणि मग ती पाडावी यात पुरुषार्थ नाही, म्हणून ती तिच्या पूर्ण बळानिशी सांगतो. ते म्हणतात, हे दोष मायक्रॉनच्या अंशांत मोजावयाचे असतात; निरोगी माणसाची बाहुली सहा मिलिमीटर उघडली असतानासुद्धा त्यांची सरासरी मात्रा मायक्रॉनच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येते, आणि इतकी बारीक गोष्ट हातातल्या आरशाने किंवा टाचणीने टोचलेल्या पुठ्ठ्याने कशी पकडली जाणार? ते म्हणतात, रुग्ण जे सांगतो तो पुरावा नव्हे, ती केवळ त्याची जबानी आहे, आणि जबानी माणसागणिक बदलते. ते म्हणतात, डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून बाहुलीतली लाली पाहण्याचा रेटिनोस्कोप हे आजोबांच्या काळचे हत्यार असून ते चालवण्यास वर्षांची तालीम लागते, उलट यंत्रापुढे हनुवटी टेकवली की चार सेकंदांत छापील चिठ्ठी हाती पडते. ते म्हणतात, दोष कळला तरी त्यावर इलाज तो कोणता? आणि सरतेशेवटी, ज्या मुद्द्याने ऐकणाऱ्याची मान खाली जाते तो मुद्दा ते पुढे करतात, की गरिबांसाठी स्वस्त परीक्षा सुचवणे म्हणजे गरिबांसाठी हलके वैद्यक सुचवणे होय. या शेवटच्या मुद्द्याचा परामर्श शेवटीच घेईन, कारण तो सर्वांत गंभीर आहे.

आधी त्या शेऱ्याविषयी. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली आपला तक्ता प्रसिद्ध केला, आणि त्याने नेत्रपरीक्षेस जे सर्वत्र सारखे असे माप मिळवून दिले त्याबद्दल सारे जग त्याचे ऋणी आहे. परंतु तो तक्ता विचारतो काय? पांढऱ्याशुभ्र पृष्ठावर काळीभोर अक्षरे, उजेड भरपूर, आणि प्रश्न एवढाच की हे अक्षर कोणते. मूळ अक्षरामागे दुसरे फिकट अक्षर डोकावत असले तरी शहाणा वाचक मूळ अक्षर ओळखतो, आणि ओळखले की परीक्षा संपते. त्याला ते कसे दिसले हे कोणी विचारीत नाही. शिवाय उजेडात बाहुली आकसलेली असते. हे बारीक दोष बाहुलीच्या रुंदीबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाहीत, हे प्रकाशशास्त्राचा विद्यार्थी जाणतो: बाहुली दुप्पट झाली की धूमकेतूसारखे शेपूट काढणारा कोमा नावाचा दोष आठपट होतो, आणि मध्य व कडा यांच्या केंद्रांत फरक पाडणारे गोलीय विपथन सोळापट होते. म्हणजे दिवेलागणीनंतर समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याने ज्याचा रस्ताच दिसेनासा होतो, त्याची तपासणी आम्ही भर दुपारी, उजळ खोलीत, त्याचा दोष अत्यंत लहान झालेला असताना करतो, आणि तो सिद्ध झाला नाही म्हणून फिर्याद खोटी ठरवतो. असा निवाडा कोणत्या न्यायासनाने मान्य करावा?

यंत्रावाचून बारीक दोष कळत नाहीत, या विधानाला तर इतिहासाचा काडीचाही आधार नाही. ज्याला आज आम्ही सिलिंडरचा नंबर म्हणून रोज शंभर चिठ्ठ्यांवर लिहितो, तो दोषसुद्धा एके काळी असाच सूक्ष्म, अज्ञात आणि अविश्वसनीय होता. १८०१ साली टॉमस यंग याने तो स्वतःच्या डोळ्यात शोधून काढला, आणि तो दोष पुढच्या पारपटलाचा की आतल्या भिंगाचा हे ठरवण्यासाठी त्याने केलेली युक्ती अशी, की पाण्याने भरलेल्या लहानशा नळीच्या तोंडाशी एक भिंग बसवून ती नळी डोळ्यालाच भिडवली. पाणी लागताच पारपटलाची वक्रता निष्प्रभ झाली. तरीही दोष जसाच्या तसा उरला. अर्थात तो आतल्या भिंगाचा होता. एवढ्या नाजूक प्रश्नाचा फैसला पाण्याच्या चार थेंबांनी झाला. त्यानंतर १८२५ साली केंब्रिजच्या जॉर्ज एअरी या तरुण गणितज्ञाने, जो पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला, आपला डावा डोळा वाचनाच्या उपयोगी पडत नाही हे पाहून एका पत्त्याएवढ्या कार्डाला बारीक छिद्र पाडले, ते उजेडासमोर धरून डोळ्यापासून जवळ-दूर नेले, आणि त्याला आढळले की एका ठरावीक अंतरावर तो प्रकाशबिंदू एक तिरपी रेषा होतो व दुसऱ्या ठरावीक अंतरावर तिला लंब अशी दुसरी रेषा होतो. ती दोन अंतरे त्याने मोजली, त्यांवरून भिंगाचा हिशेब मांडला, आणि इप्स्विचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून तसे भिंग घासून घेऊन तो त्या डोळ्याने वाचू लागला. सिलिंडरच्या चष्म्याचा जन्म हा असा झाला. त्यात खर्च झाला एका कार्डाचा, एका टाचणीचा, आणि स्वतःच्या डोळ्याला काय दिसते याकडे प्रामाणिकपणे लक्ष देण्याचा. ही शेवटची वस्तूच आज दुर्मिळ झाली आहे.

आपल्याकडची साक्ष काढावयाची तर ती याहूनही जुनी आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात तिमिराच्या वर्णनात, दोष दृष्टीच्या कोणत्या भागी बसला आहे त्यानुसार रुग्णाला एक वस्तू दुहेरी, तिहेरी किंवा अनेक अशी दिसते, असा भेद केलेला आहे. आणि आपल्या दर्शनकारांनी तर एका चंद्राचे दोन चंद्र पाहणारा तैमिरिक भ्रमाचा नमुना म्हणून इतक्या वेळा पुढे केला, की तो आपल्या तर्कशास्त्राचा कायमचा साक्षीदार बनला. सुश्रुताची शरीरकल्पना आज टिकत नाही हे मला मान्य आहे. पण रुग्णाला काय दिसते यावरून दोष कोठे आहे याचा शोध घेता येतो, ही जी त्यातली रीत आहे, ती मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि तीच आम्ही टाकून दिली आहे.

आता त्या मायक्रॉनच्या अंशांविषयी. क्रिस्टोफ शाइनर या जेझुइट पंडिताने १६१९ साली दाखवून दिले, की कार्डाला एकमेकांजवळ दोन छिद्रे पाडून त्यांतून एखाद्या बारीक वस्तूकडे पाहिले आणि डोळा त्या अंतरावर नेमका जुळलेला नसला, तर एका वस्तूच्या दोन दिसतात. या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. बाहुलीच्या प्रत्येक लहानशा भागातून आत येणारा किरण जर दृष्टिपटलावर एकाच जागी पोहोचत असेल, तर छिद्र बाहुलीसमोर कोठेही सरकवा, दिवा जागचा हलणार नाही. आणि एखाद्या भागातून येणारा किरण वाकडा जात असेल, तर छिद्र त्या भागासमोर येताच दिवा उडी मारील. ती उडी किती आणि कोणत्या दिशेने, हे टिपले की त्या भागाचा दोष मोजला गेला. १९६१ साली स्मिर्नोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने याच तत्त्वावर माणसाच्या डोळ्याचे संपूर्ण विपथन बिंदू-बिंदू करून मोजले. हार्टमन याने पॉट्सडॅमच्या दुर्बिणीचे भिंग तपासण्यासाठी छिद्रांचा पडदा वापरला तो याच तत्त्वावर. शॅक याने १९७१ मध्ये त्या छिद्रांच्या जागी बारीक भिंगांची जाळी सुचवली ती याच तत्त्वावर. आणि १९९४ साली हायडेलबर्ग येथे ल्यांग, बिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जाळी जिवंत डोळ्यासाठी वापरून आजच्या वेव्हफ्रंट यंत्राचा पाया घातला तोही याच तत्त्वावर. लाखो रुपयांच्या त्या पेटीच्या पोटात जे आहे ते शाइनरच्या कार्डाचे परिष्कृत रूप आहे. पेटी ते काम क्षणार्धात, एकाच वेळी शेकडो ठिकाणी आणि आकड्यांत करते, ही तिची खरी थोरवी. पण टाचणीने पाडलेले छिद्र तेच काम मुळीच करू शकत नाही, हे म्हणणाऱ्याने ती पेटी कशी चालते हे समजून घेतलेले नाही. आणि हे केवळ भूतकाळाचे वैभव नव्हे. नाशिकचे रमेश रासकर यांनी एमआयटीमध्ये व्हितोर पांप्लोना आणि इतर सहकाऱ्यांसह २०१० मध्ये मोबाइलच्या पडद्यावर चढवावयाचे ‘नेत्रा’ नावाचे एक अगदी स्वस्त प्लास्टिकचे साधन पुढे आणले. त्यात रुग्ण पडद्यावरच्या रेषा स्वतः सरकवून एकमेकींवर आणतो आणि त्या सरकण्यावरून नंबर निघतो. शॅकच्या जाळीचीच ती उलटी योजना आहे. जगातल्या अग्रगण्य प्रयोगशाळेला जे साधन हलके वाटले नाही, त्याचे वावडे आमच्या दवाखान्यांनाच का असावे?

आणि रुग्णाची जबानी? ती पुरावा नव्हे, हे म्हणणे ऐकून मला सर्वांत अधिक दुःख होते. डोळा ही एकच इंद्रियरचना अशी आहे की तिच्यातला प्रकाशीय दोष तिच्या धन्याला स्वतःला, चित्ररूपाने, तपशीलवार दिसत असतो. ते चित्र विचारून घेणे एवढेच काय ते आमचे काम. ते विचारण्याची माझी रीत येथे सविस्तर सांगतो, कारण ती सांगितल्याखेरीज हा वाद हवेतला राहील. लहानशा एलईडी विजेरीच्या तोंडावर चॉकलेटचा चांदीचा कागद घट्ट बसवावा, त्याला मध्यभागी बारीक सुईने एकच छिद्र पाडावे, खोली पूर्ण अंधारी करावी, आणि रुग्णाला चारपाच मीटरांवर बसवून, त्याचा सर्वोत्तम नंबर ट्रायल फ्रेममध्ये घालून, एकेका डोळ्याने त्या चांदणीकडे पाहावयास सांगावे. दहा मिनिटे अंधारात बसू द्यावे, म्हणजे बाहुली मोकळी होते. मग त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि दिसते तसे काढावयास सांगावे; ‘चांगले दिसते का’ हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नये, कारण त्या प्रश्नाला आपल्याकडचा भिडस्त माणूस नेहमी होकारच देतो. कोणी नुसती रेषा काढतो: त्याच्या सिलिंडरचा नंबर किंवा ॲक्सिस चुकलेला आहे. कोणी एका बाजूला पसरत जाणारे शेपूट काढतो: तो कोमा. कोणी मधोमध ठिपका आणि भोवती सारखे फिकट वर्तुळ काढतो: तेथे गोलीय विपथनाचा संशय घ्यावा. कोणी एका ठिपक्याचे पाचसहा सुटे ठिपके काढतो: त्याचे पारपटल किंवा भिंग खडबडीत झाले आहे. चांदणीला चहूबाजूंनी बारीक किरण फुटलेले दिसतात ते मात्र थोड्याफार प्रमाणात सर्वांनाच दिसतात. त्यांचे भय घालू नये.

पुढची पायरी याहून सोपी. रुग्णाने मान खांद्याकडे कलती केली आणि शेपूटही जवळजवळ तितकेच कलले, तर दोष दिव्याचा नव्हे. चष्मा काढला, किंवा फ्रेम जागच्या जागी किंचित फिरवली, तरी शेपूट दिशा बदलीत नसेल, तर तो काचेचाही नव्हे; तो डोळ्याचा. मग मिलिमीटर-सव्वामिलिमीटरचे पिनहोल डोळ्यापुढे धरावे. छाया, शेपूट, दुसरा-तिसरा ठिपका हे सारे नाहीसे होऊन एकच स्वच्छ बिंदू उरला, तर दोष प्रकाशाच्या मार्गातला आहे; आणि पिनहोलने काहीच सुधारणा झाली नाही, तर पडद्याकडे किंवा त्यामागच्या शिरेकडे लक्ष वळवावे. एक इशारा येथे दिलाच पाहिजे: दिव्याभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांची कडी दिसत असून डोळा लाल, दुखरा असेल, मळमळत असेल, तर कागद-पेन्सिल बाजूला ठेवून रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पोहोचवावे, कारण तो काचबिंदूचा झटका असू शकतो.

एका डोळ्याने दुहेरी दिसणे आणि दोन डोळ्यांनी मिळून दुहेरी दिसणे यांतला भेद एक डोळा तळहाताने झाकल्याबरोबर कळतो. असे असता एका प्रौढ शिक्षिकेला, ‘दोन दोन दिसते’ एवढ्या तिच्या वाक्यावरून, तळहात न वापरता मेंदूच्या एमआरआयसाठी धाडल्याचे मी पाहिले आहे. त्या बाई सहा आठवडे मेंदूत गाठ असल्याच्या धास्तीत होत्या. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या भिंगात मोतीबिंदूची अगदी पहिली सुरुवात होती. पिनहोल धरताच दुसरी प्रतिमा गेली. ज्या पुराव्याला व्यक्तिनिष्ठ म्हणून नाकारले जाते, त्याला न विचारल्याची ही किंमत आहे, आणि ती विचारणाऱ्याला नव्हे, रुग्णाला मोजावी लागते.

शास्त्रीय मान्यतेचाच आग्रह असेल तर तीही देतो. चेर्निंग याने १८९४ साली जाळी बसवलेले भिंग डोळ्यापुढे धरून, त्या जाळीची स्वतःच्या दृष्टिपटलावर पडणारी वेडीवाकडी छाया रुग्णाकडून काढून घेण्याची रीत बसवली. १९७७ मध्ये हाउलंड बंधूंनी तीच रीत सुधारून ५५ माणसांकडून तशी चित्रे काढून घेतली, आणि मानवी डोळ्यांत गोलीय विपथनापेक्षा कोमासारखे दोषच प्रबळ असतात, हा आजही मान्य असलेला निष्कर्ष त्या हातांनी काढलेल्या चित्रांवरून काढला. जबानी जर पुरावा नसेल, तर हे काय होते?

रेटिनोस्कोपला जुनाट म्हणणाऱ्यांना त्याची जन्मकथा ठाऊक नसावी. त्याची पद्धतशीर मांडणी १८७३ मध्ये क्युइन्ये या फ्रेंच लष्करी वैद्याने केली हे खरे. पण त्याआधीच, १८५९ च्या सुमारास, लंडनच्या विल्यम बोमन याने आरशाने डोळ्यात उजेड टाकून बाहुलीतली छाया पाहिली होती, आणि तिच्या साह्याने त्याने पकडली ती पारपटलाची शंकूसारखी होऊ लागलेली अगदी सौम्य विकृती. म्हणजे या हत्याराचा उपयोग साधा नंबर काढण्यासाठी नंतर झाला. सूक्ष्म दोष ओळखण्यासाठी तो आधी झाला. निरोगी डोळ्यात रेटिनोस्कोपची पट्टी फिरवली की बाहुलीतली लाली एकसंध सरकते. पारपटल शंकूकडे झुकू लागले, ज्याला आपण केराटोकोनस म्हणतो, की त्या लालीच्या दोन पट्ट्या होतात आणि त्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींकडे येतात व दूर जातात. ते दृश्य ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. ऑटोरिफ्रॅक्टोमीटर नावाचे जे झटपट यंत्र आज प्रत्येक चष्म्याच्या दुकानात आहे, ते बाहुलीच्या मधल्या लहानशा भागावरून तीन आकडे छापते: स्फिअर, सिलिंडर, ॲक्सिस. डोळा त्या तीन आकड्यांत मावत नसेल तरीही तो त्यांतच कोंबला जातो, आणि चिठ्ठी तितक्याच आत्मविश्वासाने बाहेर येते. जो कात्रीची छाया पाहतो त्याला हा डोळा तीन आकड्यांचा नाही हे तत्काळ कळते. वेळ लागतो म्हणता? मला दोन्ही डोळ्यांस मिळून दोन मिनिटे लागतात. तालीम लागते म्हणता? लागतेच. पण जे शिकावे लागते ते टाकून द्यावे, हा शिरस्ता वैद्यकात कधीपासून सुरू झाला?

अकोल्याकडचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा दीड वर्षात त्याचे चार चष्मे झाले होते. प्रत्येक ठिकाणी यंत्राची चिठ्ठी निघाली होती, प्रत्येक चिठ्ठीवर ॲक्सिस वेगळा होता, आणि एका ठिकाणी त्याच्या वडिलांना, पोराला अभ्यास नको म्हणून ही सबब आहे, असे सांगण्यात आले होते. मुलगा म्हणाला, “साहेब, डाव्या डोळ्याने चंद्र पाहिला तर त्याला खालून दाढी दिसते.” एवढे वाक्य पुरेसे होते, रेटिनोस्कोपने केवळ त्यावर मोहोर उठवली. पारपटलाचा खालचा भाग बाहेर आला की त्यातून येणारा उजेड अधिक वाकतो आणि त्याची छाया खालच्या बाजूला पसरलेली दिसते. मुलाने आपल्या रोगाचे निदान चंद्राकडे पाहून आपल्या भाषेत केलेले होते. त्याला पुढे मोठ्या शहरात पाठवले तेव्हा उजवा डोळा वाचवण्याजोगा होता. डाव्यात पारपटल फार पातळ झाले होते. ते चार चष्मे देणाऱ्यांपैकी एकाने जरी दोन मिनिटे खर्च केली असती तर? हा प्रश्न त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारला नाही. मी तो या लेखात विचारतो आहे.

पारपटलाचा आरसा तपासण्याची आणखी एक युक्ती आहे, प्लासिदो या पोर्तुगीज वैद्याची, १८८० ची: पांढऱ्या-काळ्या वर्तुळांची थाळी, मधोमध छिद्र, आणि रुग्णाच्या डोळ्यात पडलेले त्या वर्तुळांचे प्रतिबिंब वाटोळे आहे की ओढल्यासारखे, एवढे पाहावयाचे. आजच्या कितीतरी मोठ्या टोपोग्राफी यंत्रांत तीच वर्तुळे उजळलेली असतात. आणि दोष पारपटलाच्या पृष्ठावर आहे की आत भिंगात, हे ठरवावयाचे असेल तर ट्रायलसाठी ठेवलेली कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहावी. तिच्याखाली अश्रूंचा थर भरतो, खडबड झाकली जाते, आणि छाया नाहीशी झाली तर दोष पृष्ठाचा. यंगने नळीत भरलेले पाणी ते हेच.

कळून तरी काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांचे ज्ञान वीस वर्षे मागे राहिलेले आहे. ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेली आणि २००३ साली प्रसिद्ध झालेली क्रॉस-लिंकिंगची रीत, ज्यात रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब व अतिनील किरण यांनी पारपटल बळकट केले जाते, ती केराटोकोनसची वाढ थांबवू शकते; गेलेली नजर ती परत आणील असा भरवसा मात्र नाही. मग तो रोग केव्हा ओळखला गेला यावरच सर्व काही अवलंबून नाही काय? शिवाय डोळे चोळण्याची सवय सोडवणे, कडक लेन्स वेळेवर देणे, चुकीच्या चष्म्यांचा खर्च वाचवणे, आणि ‘तुझ्या डोळ्यात खरोखरच दोष आहे, तू खोटे बोलत नाहीस’ एवढे एका माणसाला सांगणे, हे सर्व उपयोगच आहेत. आणि हा रोग आपल्याकडे दुर्मिळ आहे असे कोणी मानू नये. नागपूर जिल्ह्याच्या खेड्यांत तीस वर्षांवरील लोकांची जी पाहणी झाली आणि जिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा अधिक ही कसोटी धरून केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के निघाले. अमेरिकेतील मिनेसोटात अनेक दशकांच्या नोंदींवरून १९८६ मध्ये निघालेला आकडा दर लाखामागे सुमारे ५४ होता. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या असल्याने त्यांचे त्रैराशिक मांडणे गैर होईल, हे मी आपणहून सांगतो. परंतु मिनेसोटाचा जो आकडा जगभरच्या ग्रंथांतून आजवर उद्धृत होत आला, तो प्रामुख्याने रेटिनोस्कोपमधल्या त्याच कात्रीवर आणि केराटोमीटरमधल्या वेड्यावाकड्या प्रतिमांवर उभा आहे, हेही सांगितलेच पाहिजे.

आता राहिला तो शेवटचा आक्षेप: गरिबांसाठी हलके वैद्यक. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु त्यांनी तुलना कोणाशी केली आहे? मुंबई, पुणे, नागपूर येथील वातानुकूलित खोलीतल्या यंत्राशी टाचणीच्या छिद्राची तुलना केली, तर यंत्र श्रेष्ठ ठरेल, यात वाद तो कसला? लेसरने नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया ठरवण्यापूर्वी पारपटलाचा यंत्राने काढलेला नकाशा हवाच. टाचणीच्या बळावर तेथे होकार देणारा मनुष्य गुन्हेगार ठरेल, असे मी स्वतःच म्हणतो. पण गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, माणदेशाच्या मुलासमोर निवड यंत्र की टाचणी अशी नाही. ती टाचणी की काहीच नाही अशी आहे. काहीच नाही यापेक्षा हलके असे वैद्यक कोणते? आणि यंत्रापर्यंत पोहोचावयाचे तरी त्या मुलाने कसे, जोपर्यंत त्याच्या गावाजवळ कोणी ‘तू शहरात जाऊन तपासणी कर’ असे कारणासह लिहून देत नाही? साधी परीक्षा यंत्राची जागा मागत नाही. ती यंत्राचे दार कोणाला उघडावे लागेल हे ठरवते, आणि त्या दाराशी नोकरी, शेत, मजुरी बुडवून निष्कारण येणाऱ्या शेकडोंची वाट वाचवते. हे काम आज कोणीच करीत नाही, आणि जे करू शकतात त्यांना ‘तुमच्यापाशी यंत्र नाही, तेव्हा गप्प बसा’ असे शिकवले जात आहे. माझा सारा राग या शिकवणीवर आहे. चार वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण ऑप्टोमेट्रिस्टच्या हातात रेटिनोस्कोप थरथरतो आणि रुग्णाने काढलेल्या चित्राकडे तो पाहतही नाही, याला तो तरुण जबाबदार नाही. ज्यांनी त्याला छापील चिठ्ठी म्हणजेच डोळा असे सांगितले ते जबाबदार आहेत.

म्हणून मागणी करतो ती नेमकी करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळाशाळांतून फिरत आहेत, तेथे मुलांचे डोळे तपासले जातात आणि त्याची नोंद ठेवली जाते. त्या नोंदीच्या कागदावर दृष्टीच्या रकान्याशेजारी एक रिकामा चौकोन छापावा. मोठ्या वर्गांतल्या मुलांना अंधाऱ्या खोलीत नेऊन, चांदीच्या कागदातले ते एक छिद्र दाखवावे, आणि त्या चौकोनात मुलाने स्वतःच्या हाताने, प्रत्येक डोळ्याला दिसते तसे काढावे. ज्यांच्या चौकोनात नुसता ठिपका येईल ते वर्गात परत जातील. ज्यांच्या चौकोनात शेपूट, छाया, दोन ठिपके येतील, त्यांच्या डोळ्यात त्याच दिवशी, त्याच शाळेच्या व्हरांड्यात, रेटिनोस्कोपची पट्टी फिरवली जावी, आणि कात्री दिसली तर जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञाच्या नावे तारीख घालून चिठ्ठी लिहिली जावी. या सर्वाला लागणारी विजेरी, कागद, सुई आणि पेन्सिल मी माझ्या तालुक्यासाठी स्वतःच्या खर्चाने देण्यास तयार आहे, आणि रेटिनोस्कोप धरावयास कोणी नसेल तर मी स्वतः येईन.